दुभाष्या विनंती करतो

"अहो दादा, मी इथं भांडतेय आणि तुम्ही शेजारी बसून अंगाई काय गाताय?"

स्वयंपाकीणबाई हे त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे नाही, समोरच्या पक्षाच्या वकीलबाईकडे नाही, थेट त्याच्याकडे. दुभाष्या जागच्या जागी चपापला. इतकी वर्षं या सुनावणीच्या खोलीत, या लांब टेबलाच्या अरुंद टोकाला बसून त्याने दुसऱ्यांची तोंडं चालवली होती, पण त्याला स्वतःला कुणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. लोक त्याच्याकडे बघायचे नाहीत, त्याच्यातून बघायचे, खिडकीच्या काचेतून बघतात तसे. काच स्वच्छ आहे, पलीकडचं दिसतंय, झालं. आणि आज या बाईने काचेवर टकटक केली होती, तीही बोटाच्या पेराने नाही, चांगली मुठीने. टाइप करणारी मुलगी थांबली. साहेबांनी मान वर केली आणि इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

आता आली का पंचाईत. या कामाचा पहिला नियम असा की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडच्या भाषेत गेलं पाहिजे, शिवी असली तर शिवीसकट. दुसरा नियम त्याहून चमत्कारिक. बोलणाऱ्याचा 'मी' तोच दुभाष्याचा 'मी'. बाई म्हणाली 'माझा हात भाजला' तर त्याने 'बाईंचा हात भाजला' म्हणायचं नाही. आपला धडधाकट हात टेबलावर ठेवून 'माझा हात भाजला' असंच म्हणायचं. असे त्याने आजवर कितीतरी हात भाजून घेतले होते, विधवा झाला होता, एकदा तर बाळंतही. आणि कधी स्वतःला काही हवं असलं, पाणी, खुलासा, दोन मिनिटं बाहेर जायची परवानगी, तर 'मी' म्हणायची सोय नाही, कारण तो 'मी' दिवसभरासाठी दुसऱ्याला भाड्याने दिलेला. तेव्हा म्हणायचं, 'दुभाष्या विनंती करतो की'. विनंतीच. दुभाष्या मागत नाही, अडून बसत नाही, विचारतसुद्धा नाही. एवढ्या एका शब्दावर त्याची सगळी हयात निघाली होती आणि ही खोड घरापर्यंत पोचली होती. लग्नाची नोंद करायला गेले तेव्हा अधिकाऱ्याने 'तुमची संमती आहे ना' असं विचारलं, तर हा गप्प. कोणीतरी उत्तर देईल, मग आपण ते पलीकडे पोचवू, म्हणून वाट बघत बसला. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे भानावर आला. ती अजून त्यावरून टोमणे मारते. "चहा हवाय ना? मग चहा दे म्हण की. दुभाष्याला तहान लागलीय म्हणे! कोण हा दुभाष्या, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात काय करतोय?"

या बाईचं वाक्य पलीकडे न्यायचं म्हणजे आपल्याविरुद्धची फिर्याद आपणच, आपल्याच तोंडाने करायची. त्याने ओठ ओले केले आणि तोंडातून काय निघालं, तर, "दुभाष्या थोड्या विश्रांतीची विनंती करतो." साहेबांनाही कॉफी हवीच होती. "या जाऊन," ते म्हणाले. "पण आल्यावर पहिलं तेच वाक्य."

बाहेरच्या लांबलचक बोळात पाण्याचं यंत्र होतं, मधूनच गुरगुरणारं. कागदी पेला धरून तो तिथं उभा राहिला. अंगाई! मनातल्या मनात त्याने बाईला दोन-चार उत्तरं देऊन बघितली. अहो बाई, मी सांभाळून घेतो म्हणून तुमचं निभतंय. तुमचं बोलणं जसंच्या तसं दिलं असतं तर साहेब भडकले असते. उत्तरं चांगली होती, पण पाण्याबरोबर घशाखाली उतरेनात. सकाळपासूनचं प्रकरण तसं सरळ होतं. बाई एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वाफेच्या टाकीवर काम करायची, चारशे पोरांचा भात एकदम शिजवणारी टाकी. तिच्या झाकणाचा खटका अडकायचा. बाई ओरडून ओरडून सांगत होती, आणि मुकादमाने सांगितलं, फडकं बांधा आणि चालवा. एक दिवस झाकण उडालं, बाईचा डावा हात कोपरापर्यंत सोलून निघाला, आणि वसतिगृह चालवणाऱ्या कंपनीने तिलाच निष्काळजी ठरवून घरी बसवलं. साहेबांनी सकाळीच दोन वाटा सांगितल्या होत्या. बाई सहानुभूती मागत असतील, तर कंपनी त्यांना धुलाईघरात हलकं काम द्यायला तयार आहे, आज सही, आज विषय बंद. आणि त्या कंपनीच्या निर्णयालाच आव्हान देत असतील, तर टाकी उघडून तपासावी लागेल, मुकादमाला इथं उभं करावं लागेल. "त्यांना विचारा, काय हवंय," साहेब म्हणाले. दुभाष्याने विचारलं होतं. बाईने टेबलावर उजवा पंजा आपटला होता. "नोकरीचं मागाहून बघू. आधी जाब द्या मला! फडकं बांधायला कुणी सांगितलं? त्याला इथं माझ्यापुढं उभा करा. माझी सख्खी जाऊ अजून त्याच टाकीपाशी उभी राहते रोज. तिचं तोंड भाजल्यावर द्याल का उत्तर?" आणि दुभाष्याने नेहमीच्या मऊ आवाजात, इंग्रजीत, पलीकडे काय पोचवलं, तर शक्य झाल्यास झाकणासंबंधीची परिस्थिती समजून घ्यावी अशी माझी विनंती आहे. साहेबांनी कनवाळूपणे मान हलवून लिहून घेतलं होतं. विनंती.

त्याच्या डोक्यात इंग्रजी शब्दांची एक इमारत होती. तरुणपणी शब्दकोश पाठ करताना त्याने ती बांधली, एकाच अर्थाचे शब्द एकाच जिन्याला. तळघरात 'बेग' राहायचा, हात पसरून. त्याच्या डोक्यावर 'प्लीड', डोळ्यात पाणी घेऊन. तळमजल्यावर 'रिक्वेस्ट', स्वच्छ सदरा, केस चापूनचोपून, दाराशी चपला नीट लावलेल्या. मग 'आस्क', साधा, सगळ्यांच्यात मिसळणारा, आणि 'इन्क्वायर', चष्मा पुसत बोलणारा. त्याच्यावर 'क्वेश्चन', भुवई वर. मग एकेक दांडगे भाडेकरू. पाय रोवून उभा राहणारा 'इन्सिस्ट', 'हे माझंय' म्हणणारा 'क्लेम', दार ठोठावणारा 'डिमांड', अंगणात उतर म्हणणारा 'चॅलेंज'. आणि गच्चीवर, कठड्याच्या अगदी कडेला, वाऱ्यात, कुणालाच न जुमानणारा 'डिफाय'. तो कुणाकडे काही मागतच नाही, नुसता बघतो, कोण काय करतंय ते. दुभाष्याला गच्चीची चांगली ओळख होती, चाव्या त्याच्याच खिशात होत्या, पण इतक्या वर्षांत तो तळमजल्यावरून वर चढला नव्हता. आपल्या भाषेतले लोक यायचे ते विनवायचे, गळ घालायचे, पिच्छा पुरवायचे, ठणकावायचे, छाती ठोकून विचारायचे, गचांडी धरून जाब मागायचे, आणि हा सगळ्यांना दारातच थांबवून, घाम पुसून, तळमजल्यावरच्या त्या एकाच खोलीत कोंबायचा. खोली थंडगार असायची. साहेब लोक खूश. ऑफिसातले त्याला पोपट म्हणायचे, पण ते चूक. पोपट निदान ऐकलेलं तसंच म्हणतो.

आईने त्याला पहिल्यांदा पकडलं तेव्हा तो शाळेत होता. आई शिवणकाम करायची, भाड्याच्या घराचं छत गळायचं, ते पाणी नेमकं मशिनीवर पडायचं. घरं ज्यांच्या ताब्यात होती त्या कचेरीत ती त्याला घेऊन जायची, कारण इंग्रजी त्यालाच यायचं. कचेरीत एक लालसर कानांचा कारकून होता. "विचार त्याला," आई गरजली होती, "तुझ्या ताटात पाणी पडतं का रे छतातून? माझ्या पोटावर पडतंय ते, मशीन म्हणजे माझं पोट आहे म्हणावं." त्या वयातही त्याला कळलं होतं की ताट आणि पोट या काउंटरवरून पलीकडे जाणार नाही. तो हळूच म्हणाला, माझी आई छताबद्दल विनंती करतेय. कारकून हसला, गोड हसला, म्हणाला नोंद घेतो. आई कारकुनाच्या हसण्याकडे बघत राहिली, मग पोराकडे. "मी एवढी ओरडले, आणि हा हसतोय? काय सांगितलंस रे त्याला?" आई त्याला मारेल असं वाटलं होतं, पण तिने त्याचा हात धरला आणि दोघं घरी आले. दुसऱ्या दिवशी छताखाली ठेवलेली बादली, काठोकाठ भरलेली, आत कुजक्या छपराचे तुकडे, ती उचलून ती निघाली. रस्ताभर पाणी तिच्या पायांवर सांडत होतं. कचेरीत ती रांगेत नीट उभी राहिली, पाळी आली तशी पुढे झाली, आणि बादली उचलून कारकुनाच्या टेबलावर ठेवली. धप्प. पाणी उडालं, त्याच्या कागदांवर, त्याच्या टायवर. आई एक अक्षर बोलली नाही. कारकून उठून उभा राहिला. छत दुरुस्त व्हायला त्यानंतरही बरेच दिवस गेले, पण आई कचेरीत शिरली की तो माणूस उठून उभा राहायचा, कायम. आई म्हातारी झालेली, तो पगारदार दुभाष्या झालेला, तेव्हाही ती आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या मुलाला भाषा फार छान येते हो. माणूस जेवून उठला की खरकटं पुसावं तसं तो लोकांचं बोलणं पुसून घेतो." लोक हसायचे. तोही हसायचा. आज हातातल्या कागदी पेल्यातलं पाणी डुचमळत होतं आणि त्याला वाटलं, बादली किती जड असेल. आपण तेव्हा एका बाजूने धरली का नव्हती?

"वा, छान चाललंय तुमचं."

तो दचकला. कंपनीची वकीलबाई शेजारी उभी होती, पाणी घ्यायला आलेली. दचकला तो तिच्या येण्याने नाही. ती हे आपल्या भाषेत म्हणाली होती, अगदी घरातल्यासारखं, स्वच्छ. सकाळपासून ती आत बसून कपाळाला आठ्या घालून त्याच्या इंग्रजीची वाट बघत होती, जणू बाईचं बोलणं म्हणजे तिला पाण्याच्या यंत्राची गुरगुर.

"तुम्हाला येते ही भाषा?"

"माझ्या आजीची. आत कशाला सांगायचं? विचारलं कुणी नाही." ती हसली. "बाई काय काय फेकतेय, बापरे! आणि तुम्ही ते कसं कडक इस्त्री करून, घडी घालून देताय. खरंच हो, कला आहे ही. दुपारपर्यंत सही होऊन जाईल. बिचारीला धुलाईघर बरंच आहे. आणि दुभाष्यांच्या नेमणुका परत व्हायच्यात ना पुढच्या महिन्यात? साहेब तुमच्यावर खूश आहेतच, मीही बोलेन."

"आभारी आहे," तो म्हणाला, आणि लगेच जिभेला चावला, कारण हाही शब्द तळमजल्यावरचाच. वकीलबाई टाचा वाजवत गेली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला आणि त्याच्या पोटात काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. राग असेल असं त्याला वाटलं. पण राग त्याने दुसऱ्यांचे पुष्कळ हाताळले होते, त्याला ते वजन माहीत होतं. हा राग नव्हता एकटा. त्याच्याबरोबर कुणीतरी हसत होतं, लहानपणी वर्गात बाकाखालून शेजाऱ्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधताना हसायचं तसं, तोंड दाबून. म्हणजे आत दोघांना सगळं कळतंय. तिला आणि मला. आणि दोघं मिळून त्या बाईच्या तोंडाला फडकं बांधतोय. त्याने पेला चुरगळला. नेमणुका गेल्या तर काय, हा हिशोब त्याच्या मनात उभा राहिला, बायकोचा चेहरा, धाकटीची शाळा, आणि मग बायकोचाच आवाज. कोण हा दुभाष्या?

आत सगळे आपापल्या जागी होते. स्वयंपाकीणबाई मान ताठ करून बसली होती, पदराखालून पट्टी दिसत होती. त्याच्याकडे तिने ढुंकून बघितलं नाही. "हं," साहेब म्हणाले. "ते वाक्य."

"मी इथं भांडतेय," दुभाष्या इंग्रजीत म्हणाला, "आणि तुम्ही शेजारी बसून अंगाई काय गाताय?"

साहेबांचे कान ताठ झाले. "मी? मी अंगाई गातोय?"

"नाही साहेब. हे बाई दुभाष्याला म्हणाल्या."

"कुठल्या दुभाष्याला?"

"इथं एकच आहे, साहेब."

टाइप करणाऱ्या मुलीने ओठ घट्ट मिटले. साहेब काही बोलायच्या आत त्याने पुढचं सांगून टाकलं, दुभाष्या विनंती करतो की बाईंना काय हवंय ते त्यांनी पुन्हा सांगावं. या वेळी विनंती म्हणताना त्याला आतून गंमत वाटली, खिशात फटाका ठेवून देवमाणसासारखा चेहरा करावा तशी. साहेबांनी हात हलवला. त्याने बाईला सांगितलं, "ताई, काय हवंय ते परत सांगा."

"परत? तुमच्या अंगाईसाठी?" बाई फिसकारली. पण मग तिने श्वास घेतला आणि सुरू झाली, झाकण, खटका, फडकं, मुकादम, जाऊ, आणि शेवटी पुन्हा तो पंजा टेबलावर. "जाब द्या मला! त्याला उभा करा इथं!"

आणि दुभाष्याने तोंड उघडलं. आवाज तिच्या आवाजाला जाऊन भिडला. दुभाष्या ओरडतो हे त्या खोलीने ऐकलं नव्हतं, टेबलावरचे पेले थरथरले. झाकण जसंच्या तसं गेलं, फडकं गेलं, जावेचं तोंड गेलं, पंजासुद्धा त्याने आपटला. एकेक मजला त्याच्या पायाखालून जात होता, धापा लागत होत्या, दार ठोठावणारा 'डिमांड' समोर आला, तिथं थांबायला हवं होतं, बाई तिथंच थांबली होती. तो थांबला नाही. मुद्दाम. डोळ्याच्या कोपऱ्यातून वकीलबाईकडे बघत तो सरळ गच्चीवर गेला आणि तिथून ओरडला, मी या कचेरीला 'डिफाय' करते, तुमची सत्ताच मानत नाही!

वकीलबाई खुर्चीवरून उडालीच. "हे साफ खोटं आहे! असं त्या म्हणाल्याच नाहीत! त्या म्हणाल्या, मी जाबाची मागणी करते, डिमांड, त्या माणसाला माझ्यासमोर उभं करा. बस, एवढंच! दुभाष्या पदरचं घालतोय!"

टाइपचा टकटकाट एक क्षण चालू राहिला, हे वाक्यही कागदावर उतरेपर्यंत. मग थांबला. बोळातल्या यंत्राची गुरगुर आत ऐकू आली.

"तुम्हाला ही भाषा येते," साहेब वकीलबाईला म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"थोडी... घरात थोडीफार..."

"सकाळी मी विनंती म्हणून लिहून घेत होतो. तेव्हाही येत होती?"

वकीलबाईचे कान लालसर झाले. दुभाष्याला ते कान ओळखीचे वाटले. "दुभाष्या वकीलबाईंची दुरुस्ती मान्य करतो," तो अगदी मऊ, इस्त्रीच्या आवाजात म्हणाला. "शब्द 'डिमांड' हाच आहे. इतका अचूक दुभाष्यालाही सुचला नसता."

आता साहेब त्याच्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा कनवाळू नव्हता. "आणि तुमचं काय? सकाळी विनंती, आता बंड. दोन्ही खोटं. दुभाष्याला यावर काही म्हणायचं आहे का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्यातून नाही, त्याच्याकडे. तोंडात शब्द तयार होते, रांगेत, सवयीचे. दुभाष्या क्षमेची विनंती करतो. त्याने ते गिळले.

"मी," तो म्हणाला आणि अडखळला, कारण तो शब्द तोंडात सैल बसत होता, दुसऱ्यांनी वापरून वापरून ढिला झालेला. "मी सांगतो. 'डिफाय' हा शब्द मी मुद्दाम टाकला. सकाळपासूनचं मी मऊ केलं, तेही मुद्दाम, आणि आजचंच नाही. सकाळच्या माझ्या प्रत्येक वाक्याला मी आव्हान देतो. ते खोडा."

"याचा परिणाम माहीत आहे तुम्हाला? नेमणूक राहणार नाही."

"माहीत आहे."

साहेब त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. माणूस अशा वेळी पुढे काहीतरी जोडतोच, विनंतीवजा. त्याने जोडलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सकाळचं कामकाज रद्द. वकीलबाईंबद्दल वेगळं लिहीन. बाईंचं प्रकरण पहिल्यापासून, नवी तारीख, नवा दुभाष्या."

"अहो, काय म्हणतात ते?" बाईने त्याची बाही ओढली. "तुम्ही काय ओरडलात एवढं? ती का उठली? मला कुणी सांगेल का?"

त्याने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, अंगाई, इस्त्री, गच्ची, स्वतःसकट. बाई ऐकत गेली, तिची भुवई वर वर जात राहिली. वकीलबाई कागद गोळा करत होती, ते कागद एकमेकांत अडकत होते. शेवटी बाई त्याच्याकडे बघून नाकाने फुस्स केल्यासारखी हसली.

"नवा कशाला? नवा आला की पुन्हा पहिल्यापासून त्याला शिकवा! आणि तारीख कसली? माझी जाऊ उद्या सकाळी त्या टाकीपाशी उभी राहणार आहे. सांगा त्यांना, मला हाच माणूस हवा. आत्ता, इथंच. याला आज कुठं तोंड फुटलंय."

नियम म्हणजे नियम. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. दुभाष्या साहेबांकडे वळला आणि शब्दाला शब्द लावून म्हणाला, "मला हाच माणूस हवा. आत्ता, इथंच. याला आज कुठं तोंड फुटलंय."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाईकडे. "ही त्यांची विनंती समजायची का?"

प्रश्न बाईला होता. आधी तिला सांगायला हवा होता, तिचं उत्तर घ्यायला हवं होतं. दुभाष्याने तो पलीकडे नेलाच नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला.

बाईने त्याला ढोसलं. "काय विचारलं?"

"विचारत होते, विनंती आहे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हणून सांगितलं."

बाईने भाजलेला हात पदराखालून काढला, पट्टीसकट टेबलावर ठेवला, आणि खुर्ची खरखर ओढत पुढे घेतली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.